विकलेल्या गेमच्या अटी मागून बदलू नका: पीसी गेम कंपन्यांना खुले पत्र

पीसीसाठी गेम बनवणाऱ्या, प्रकाशित करणाऱ्या आणि ऑनलाइन दुकानांतून विकणाऱ्या सर्व कंपन्यांना,

सप्रेम नमस्कार.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत कॉम्प्युटर असेंबल करून देतो आणि दुरुस्त करतो. २००९ साली दुकान टाकलं तेव्हा जवळपास प्रत्येक मशीनवर एक्सपी असायचं. पुढे सेव्हन आलं, मग टेन आलं. दर वेळी गिऱ्हाइकांची मशीनं फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकून दिलं आणि त्यातूनच माझं घर चाललं. नवीन विंडोज येतं तेव्हा माझ्या दुकानात गर्दी वाढते, कमी होत नाही. तरीही हे पत्र लिहितोय, कारण गेल्या काही महिन्यांत माझ्या टेबलावर जी मशीनं आली, आणि ती घेऊन जी पोरं आणि त्यांचे आईवडील आले, ते बघून गप्प बसवेना.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे नेहमीचे फुकट अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तो निर्णय मायक्रोसॉफ्टचा. तारीख वर्षानुवर्षं आधी जाहीर झालेली होती आणि त्यावर जगभर बोलून झालं आहे. माझं पत्र तुम्हाला आहे. सपोर्ट संपला म्हणून कुठलंही मशीन बंद पडत नाही. १५ ऑक्टोबरच्या सकाळी विंडोज १० वरची सगळी मशीनं नेहमीसारखीच सुरू झाली. त्यांच्यावरचे गेम चालू राहणार की नाही, हे मात्र तुमच्या हातात आहे.

आधी एक प्रसंग सांगतो. गेमचं नाव घेत नाही, बोर्ड बनवणाऱ्या कंपनीचंही नाही.

वैरागहून एक अकरावीतला मुलगा आणि त्याचे वडील मोटरसायकलवर आले. मुलाने मागे बसून मांडीवर चादरीत गुंडाळलेला सीपीयू धरला होता. आमच्याकडे सगळ्या डब्यालाच सीपीयू म्हणतात. आत २०१७ चा रायझन ३ १२०० प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि जीटीएक्स १०५० टीआय कार्ड. पंखा फिरत होता, स्क्रीनवर काहीच येत नव्हतं. झालं होतं असं, की हा मुलगा दोन वर्षं खेळत असलेल्या गेमने एक दिवस नवीन अपडेट घेतलं आणि स्क्रीनवर इंग्रजीत पाटी आली: सिक्युअर बूट चालू करा, नाहीतर खेळता येणार नाही. मशीन सुरू होतानाच अनोळखी प्रोग्राम अडवणारी ही सोय. मुलगा बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये, शिरला. सिक्युअर बूट चालू करायला सीएसएम (जुन्या पद्धतीने मशीन सुरू करायची सोय) बंद करावं लागतं, ते त्याने केलं. पण त्याच्या हार्ड डिस्कचं पार्टिशन जुन्या एमबीआर पद्धतीचं होतं. त्यामुळे विंडोजच सापडेना. घाबरून त्याने मोबाइलवर व्हिडिओ शोधला. व्हिडिओत सांगितलं, आधी बायोस अपडेट करा. मित्राच्या कॉम्प्युटरवर पेन ड्राइव्हमध्ये फाइल घेतली, अपडेट सुरू केलं, पट्टी अर्ध्यावर गेली आणि लाईट गेली. घरात इन्व्हर्टर आहे, पण त्यावर दोन पंखे आणि तीन दिवे एवढंच. कॉम्प्युटरचं सॉकेट त्यावर नाही.

बोर्डवर आठ पायांची एक चिप असते, नखाएवढी. बायोस त्यात असतं. तिच्यावर क्लिप लावून प्रोग्रामरने पूर्ण बायोस पुन्हा लिहिलं. दोनदा फसलं, तिसऱ्यांदा घेतलं. मग हार्ड डिस्कची आधी कॉपी काढली. त्यात मुलाच्या गेमशिवाय घरातला सातबारा होता, पीक विम्याचे कागद होते, बहिणीच्या साखरपुड्याचे फोटो होते, आणि दुसरीकडे कुठेच त्याची प्रत नव्हती. कॉपी हातात आल्यावर एमबीआरचं नव्या पद्धतीचं जीपीटी केलं, सिक्युअर बूट चालू केलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गेम सुरू झाला.

वडिलांनी पैसे मोजले आणि विचारलं, "साहेब, मशीन चांगलं चालत होतं की. मग बिघडलं कशानं?"

मी काय सांगणार होतो? मुलाने काही तोडलं नव्हतं. व्हायरस नव्हता. क्रॅक गेम नव्हता, सुट्टीत सेलमध्ये घरच्यांकडून पैसे मागून रीतसर विकत घेतलेला होता. तो घेताना त्या पानावर ज्या अटी होत्या त्या सगळ्या हे मशीन पुऱ्या करत होतं. अट नंतर बदलली. या प्रश्नाचं उत्तर तुम्ही द्यायला हवं, म्हणून तो तुमच्यापर्यंत पोहोचवतोय.

माझी पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार हीच आहे. तुम्ही वस्तू विकता आणि विकल्यानंतर तिच्या अटी बदलता. ही एका गेमपुरती गोष्ट नाही. बॅटलफिल्ड २०४२ नोव्हेंबर २०२१ मध्ये बाजारात आला, आणि मे २०२५ मध्ये, साडेतीन वर्षांनी, त्याला सिक्युअर बूट सक्तीचं झालं. जीटीए ५ पीसीवर २०१५ साली आला. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याच्या ऑनलाइन भागात नवीन अँटी-चीट, म्हणजे फसवून खेळणाऱ्यांना पकडणारा प्रोग्राम, बसवलं आणि विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट सिस्टीम वापरणाऱ्यांचं, त्यावरच चालणाऱ्या स्टीम डेक या हातातल्या मशीनवर खेळणाऱ्यांचं ऑनलाइन खेळणं थांबलं. एपेक्स लेजेंड्सने पुढच्याच महिन्यात लिनक्सचा रस्ता बंद केला. हा शेवटचा गेम फुकट आहे, पण त्यात पैसे खर्च करून कपडे आणि शस्त्रं घेतलेले लोक फुकटात बसलेले नव्हते.

आमच्या भागात शेतकरी सिंगल फेजची मोटर घेतो तेव्हा त्याच्याकडे सिंगल फेजचं कनेक्शन आहे हे बघूनच घेतो. तीन वर्षांनी दुकानदार शेतावर येऊन म्हणाला, की आता थ्री फेज घे, नाहीतर ही मोटर मी बंद करून जातो, तर गाव त्याला वेशीतून आत येऊ देईल का? तुम्ही हेच करता. फरक इतकाच, की तुम्हाला शेतावर यावं लागत नाही.

तुमची बाजू मला कळते आणि ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. ऑनलाइन खेळात चीट वापरणाऱ्यांनी वीट आणलाय. दुकानात येणारी पोरं रोज सांगतात, भिंतीच्या पलीकडून गोळी लागते म्हणून. हल्लीचे चीट विंडोज सुरू व्हायच्या आधीच मशीनमध्ये शिरतात, म्हणून सही नसलेला प्रोग्राम बूटच होऊ न देणारं सिक्युअर बूट तुम्हाला हवं. एकदा हाकललेला माणूस नवीन खातं काढून परत येऊ नये म्हणून टीपीएमची, म्हणजे मशीनमधल्या सुरक्षा भागाची, ओळख हवी. प्रामाणिक खेळाडूचंच त्यात हित आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेला बॅटलफिल्ड ६ सिक्युअर बूट मागतो, नोव्हेंबरमध्ये आलेला कॉल ऑफ ड्यूटी टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट दोन्ही मागतो. हे गेम नवीन आहेत, अट आधी सांगितली आहे, ज्याला पटत नाही तो घेणार नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती पैसे घेऊन झाल्यावर लावलेल्या अटीची.

दुसरी तक्रार घाईची. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला. गेम विकणाऱ्या स्टीम या ऑनलाइन दुकानाने मात्र त्यावर चालणं बंद केलं १ जानेवारी २०२४ ला. म्हणजे जवळपास चार वर्षं मिळाली. तेवढ्यात लोकांनी पैसे साठवले, मशीनं बदलली, आणि माझ्या दुकानात एकही माणूस रडत आला नाही. या वेळी कॅपकॉम या गेम कंपनीने सांगून टाकलं, की १४ ऑक्टोबर २०२५ पासून मॉन्स्टर हंटरसारखे गेम विंडोज १० वर चालतीलच याची हमी नाही. मॉन्स्टर हंटर: वर्ल्ड २०१८ साली पीसीवर आला तेव्हा किमान अटीत विंडोज ७ लिहिलेलं होतं. हमी काढली म्हणजे गेम लगेच बंद पडला असं नाही, हे मी मान्य करतो. पण उद्या एखाद्या अपडेटने बंद पडला तर विचारायला जागा उरली नाही, असा त्याचा अर्थ होतो.

याच काळात दुसरे काय करत होते तेही बघा. मायक्रोसॉफ्ट स्वतः विंडोज १० ला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा सुरक्षा अपडेट देत आहे. एनव्हिडियाने विंडोज १० साठी गेम रेडी ड्रायव्हर ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरू ठेवायचं कबूल केलं. ६४ बिटच्या विंडोज १० वर स्टीम चालू आहे. ऑपरेटिंग सिस्टीम बनवणारा थांबायला तयार, ग्राफिक कार्डवाला तयार, दुकान तयार, आणि गेमवाल्यांना मात्र एक दिवस दम निघाला नाही. स्टीमच्याच पाहणीत सप्टेंबर २०२५ मध्ये, म्हणजे तारीख तोंडावर आली असताना, ३२ टक्क्यांच्या आसपास लोक विंडोज १० वर होते. दुकानात येणाऱ्या दर तीन गिऱ्हाइकांपैकी एकाला मी बाहेर उभं केलं, तर मला दुकान चालवता येईल का?

तिसरी गोष्ट मशीनांची. तुमची ऑफिसं जिथे आहेत तिथे दर तीन-चार वर्षांनी नवीन पीसी घेणं नेहमीचं असेल. इथे गेमिंग पीसी कसा तयार होतो ते सांगतो. पुण्या-मुंबईतल्या कंपन्या जुने पीसी काढून टाकतात. ते मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला, पुण्याच्या तपकीर गल्लीत येतात, तिथून आमच्यासारखे दुकानदार उचलतात. सहाव्या-सातव्या पिढीचा आय फाइव्ह, त्यात एसएसडी टाकायची, रॅम वाढवायची, आणि एक सेकंड हँड ग्राफिक कार्ड. ज्या घरात नवीन पीसीचे पन्नास हजार निघू शकत नाहीत त्या घरातला मुलगा याच डब्यावर खेळतो, यावरच अभ्यास करतो, यावरच टायपिंग शिकतो. वडिलांचे ऑनलाइन अर्जही यावरच भरले जातात.

विंडोज ११ ची प्रोसेसरची यादी इंटेलच्या आठव्या पिढीपासून सुरू होते, थोडे अपवाद सोडले तर. सातव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर जानेवारी २०१७ मध्ये आले आणि आठव्या पिढीचे त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये. नऊ महिन्यांच्या अंतराने दोन भावांनी दोन मशीनं घेतली, तर एकाला नवीन विंडोज फुकट आणि दुसऱ्याचं मशीन यादीबाहेर. एएमडीचंही तसंच. पहिल्या पिढीचे रायझन बाहेर. वैरागच्या त्या मुलाचा प्रोसेसर त्यातलाच. त्याच्या मशीनमध्ये टीपीएम २.० आहे, सिक्युअर बूट आता चालू आहे, आणि तरीही त्याला विंडोज ११ रीतसर मिळत नाही. उद्या तुम्ही विंडोज ११ सक्तीचं केलंत तर माझा तो तीन दिवसांचा खटाटोप पाण्यात गेला, आणि त्याच्या वडिलांचे पैसेही.

नवीन मशीन घ्या, असं कुणी म्हणेल. २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव कसे चढले ते तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे. एआयच्या डेटा सेंटरना मेमरी लागते, म्हणून डिसेंबरमध्ये मायक्रॉनने क्रुशल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच गुंडाळायचं जाहीर केलं. वर्षानुवर्षं मी पोरांच्या मशीनमध्ये घातलेल्या मेमरीवर तेच नाव असायचं. आज मी गिऱ्हाइकाला रॅमचा भाव सांगतो आणि तो संध्याकाळपर्यंत विचार करून येतो म्हणतो, तर संध्याकाळी तोच भाव राहील याची मला खात्री देता येत नाही. अशा वेळी "मशीन बदला" हा सल्ला देणं सोपं आहे, पाळणं नाही.

आता रोज दुकानात विचारला जातो त्या प्रश्नाकडे येतो. "दादा, गेमिंगसाठी विंडोज ११ टाकू का?" मी काय सांगतो ते इथे लिहितो, म्हणजे मी नव्याच्या विरोधात आहे असा गैरसमज होणार नाही.

मशीन यादीत बसत असेल तर टाक, असंच मी सांगतो, आणि कारण सुरक्षेचं सांगतो. फ्रेम (गेमचा वेग) वाढतील या आशेने टाकू नको, हेही सांगतो. इंटेलच्या बाराव्या पिढीपासून पुढच्या बऱ्याच प्रोसेसरमध्ये दोन प्रकारचे कोर असतात, त्यांना काम वाटून द्यायला विंडोज ११ जास्त चांगलं, हे खरं. एचडीआर मॉनिटर असेल तर ऑटो एचडीआर मिळतं. पण गेमसाठीची डायरेक्टएक्स १२ अल्टिमेट ही सोय विंडोज १० वरही आहे, डायरेक्टस्टोरेजही चालतं. उलट मेमरी इंटिग्रिटी ही विंडोजची सुरक्षा सोय चालू असली तर काही मशीनांवर गेम थोडे मंदावतात. मायक्रोसॉफ्टनेच २०२२ मध्ये आपल्या मदतीच्या पानावर लिहिलं, की खेळताना ते बंद करता येईल, धोका लक्षात घेऊन, आणि खेळून झालं की परत चालू करा. रायझनच्या मशीनवर टीपीएम चालू केल्यावर गेम मध्येच अडखळायचा, ती चूक एएमडीने मार्च २०२२ मध्ये मान्य केली आणि नव्या बायोसमधून सुधारली. म्हणून टीपीएम चालू करण्याआधी मी बायोसची तारीख बघतो. आणि मोठं अपडेट आलं की महिनाभर थांबा, हेही सांगतो. २०२४ च्या शेवटी विंडोज ११ चं २४एच२ हे अपडेट आलं तेव्हा युबिसॉफ्टचे काही गेम त्यावर लटकत होते आणि त्या मशीनांना मायक्रोसॉफ्टला अपडेट रोखून धरावं लागलं होतं.

मशीन यादीत बसत नसेल तर मी जुगाड करून विंडोज ११ टाकून देत नाही. तपासणी चुकवून टाकता येतं, मला येतं, बाकीचे दुकानदार टाकूनही देतात. पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच असं नाही. ज्या मशीनवर घरातला कुणी बँकेचं लॉगिन करतो तिथे मला ते करवत नाही. त्यापेक्षा विंडोज १० वर जादा सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी करून देतो. ३० डॉलर भरून ती होते, किंवा मायक्रोसॉफ्टच्या खात्यावर सेटिंगचा बॅकअप चालू केला तर फुकटही होते. हे अजून असंख्य लोकांना माहीत नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहितोय. ज्यांनी नोंदणी केली नाही आणि जे उघड्या विंडोज १० वर खेळत आहेत, त्यांनी हे वाचत असाल तर आज करून घ्या.

यात एक बाब तुमच्यासाठीही आहे. ही नोंदणी फुकट हवी तर बॅकअप चालू करा, ही अट युरोपीय आर्थिक क्षेत्रातही आधी होती. तिथल्या ग्राहक संघटनेने हरकत घेतली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तिथल्या लोकांपुरती ती काढली गेली. मायक्रोसॉफ्टसारखी कंपनी लोकांचं ऐकून अट बदलू शकते, तर तुम्हालाही शक्य आहे. म्हणून मागण्या लिहितो.

सर्वांत आधी, आधीच विकलेल्या गेमला नवीन ऑपरेटिंग सिस्टीमची, सिक्युअर बूटची किंवा टीपीएमची अट लावायची असेल तर किमान एक वर्ष आधी जाहीर करा. ज्यांच्या मशीनला ती अट पुरी करता येत नाही त्यांना पैसे परत द्या. स्टीमवर आज पैसे परत मिळतात ते खरेदीपासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर. तीन वर्षांनी अट बदलणाऱ्यांना १४ दिवसांचा नियम दाखवायचा हक्क नाही. अट तुम्ही बदलली, मुदतही तिथून मोजा.

गेमचा जो भाग एकट्याने खेळायचा आहे त्याला या अटी लावू नका. कथा खेळणारा मुलगा कुणाला फसवत नाही. त्याच्या मशीनच्या मुळाशी जाऊन पहारा ठेवण्याचं तुम्हाला काही कारण नाही. ऑनलाइन भाग बंद करावा लागला तरी बाकीचा गेम त्याच्याकडे राहू द्या. आणि जुन्या विंडोजवर चालणारी शेवटची आवृत्ती उतरवून घेण्याची सोय ठेवा. स्टीमवर गेमच्या जुन्या आवृत्त्या वेगळ्या शाखेत ठेवता येतात, काही जण ठेवतातही. जीओजी या दुसऱ्या ऑनलाइन दुकानातून गेम घेतला की त्याची इन्स्टॉल फाइल आपल्या डिस्कवर ठेवता येते. म्हणजे हे तांत्रिकदृष्ट्या अशक्य आहे असं कुणी सांगू नये.

विंडोज १० ला जोपर्यंत सुरक्षा अपडेट मिळत आहेत तोपर्यंत तुमची हमी काढून घेऊ नका. आवृत्तीचा आकडा बघू नका, मशीनला अपडेट मिळतात की नाही ते बघा.

लिनक्सचा रस्ता मोकळा करा. ज्या मशीनला विंडोज ११ मिळत नाही त्यावर मी गेल्या काही महिन्यांत लिनक्स टाकून दिलं, आणि विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणाऱ्या प्रोटॉनमुळे पोरांचे बरेचसे गेम त्यावर नीट चालतात. अडतं ते अँटी-चीटवर. इझी अँटी-चीट आणि बॅटलआय, दोघांनीही २०२१ मध्येच प्रोटॉनसाठी सोय करून ठेवली आहे. ती चालू करायची की नाही हे गेमच्या मालकाने ठरवायचं असतं. तुमच्यापैकी ज्यांनी ती चालू केली त्यांचे मी आभार मानतो. ज्यांनी केली नाही त्यांनी का केली नाही, ते एकदा जाहीर सांगा.

विक्रीच्या पानावर, किमतीच्या शेजारी, ठळक लिहा: कुठलं विंडोज, सिक्युअर बूट लागतं का, टीपीएम लागतं का, लिनक्सवर ऑनलाइन चालतं का. कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, बसणारं अँटी-चीट असेल तर ते पानावर सांगणं स्टीमने २०२४ पासून सक्तीचं केलंच आहे. त्याच ओळीत हेही बसेल. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदाच आहे, की डिजिटल वस्तू विकताना ग्राहकाला मालकी मिळते की नुसता परवाना, हे स्पष्ट सांगावं लागतं. आम्हाला कायद्याची वाट बघायला लावू नका.

शेवटची मागणी छोटी वाटेल, पण माझ्या टेबलावर येणारी निम्मी मशीनं तिच्यामुळे वाचतील. सिक्युअर बूट चालू करा, अशी पाटी दाखवण्याआधी मशीन तपासा. डिस्क एमबीआर आहे की जीपीटी, हे तुमच्या गेमला एका क्षणात कळू शकतं. एमबीआर असेल तर आधी तेच सांगा, आणि बायोसला हात लावायच्या आधी कागदपत्रांची कॉपी काढायला सांगा. बायोस अपडेट करायला सांगत असाल तर पहिल्या ओळीत लिहा, की यूपीएस नसेल तर करू नका. आणि हे सगळं मराठीत, हिंदीत, तमिळमध्ये लिहा. गेमचे ट्रेलर, जाहिराती तुम्ही इथल्या भाषांत देता. मशीन वाचवण्याच्या सूचनाही त्याच भाषांत द्या. लिहायला माणूस मिळत नसेल तर मराठी सूचना मी लिहून देतो, एक पैसा न घेता, आणि स्क्रीनचे फोटोही काढून देतो.

१३ ऑक्टोबर २०२६ नंतर विंडोज १० ची जादा मुदतही संपेल. तेव्हा तुमचा प्रत्येक गेम कुठल्या मशीनवर चालेल आणि कुठल्यावर नाही, याची यादी त्याच्या किमान सहा महिने आधी जाहीर करा. वैरागचा तो मुलगा आता रायझनचा नवीन पिढीतला सेकंड हँड प्रोसेसर घ्यायला पैसे साठवतोय. त्याच्या बोर्डवर तो बसतो, मी तपासून ठेवलंय. त्याने पैसे प्रोसेसरवर घालावेत की थांबावं, हे मला त्याला सांगायचं आहे, आणि तुमच्या यादीशिवाय मला ते सांगता येत नाही.

कळावे,

आपला,
कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवणारा एक गेमर
बार्शी, जि. सोलापूर